सोनेरी काठाची घडी

मी माझ्या बायकोला फसवले, आणि फसवताना एकही शब्द खोटा बोललो नाही. यातला दुसरा भाग मी बरीच वर्षे माझ्या बाजूचा पुरावा म्हणून जपून ठेवला होता. कचेरीत कागद रंगवणाऱ्या माणसाला ही खोड लागतेच. आता पन्नाशी आली आणि तोच पुरावा माझ्यावर उलटला आहे, म्हणून झाले ते सरळ सांगतो. मला मनगटी घड्याळ हवे होते. तिला नवे लुगडे हवे होते. दोन्हींपैकी एकच वस्तू घरात येणार होती, आणि आमच्या दोघांच्या तोंडी दोन्ही वस्तूंना शब्द एकच होता.

घडी.

दिवस निजामाच्या राज्याचे. मी बीडच्या कचेरीत अहलकार, म्हणजे साधा कारकून. दिवसभर उर्दूत लिहायचे, उर्दूत बोलायचे आणि संध्याकाळी ती भाषा तशीच तोंडात घेऊन घरी यायचे. बायको म्हणायची, "अवो, जोडे बाहेर काढता, तसं ते कचेरीचं बोलनं बी बाहेर काढत जा की." कचेरीत घड्याळाला घडी म्हणत. घरात मात्र घडी म्हणजे कोरे लुगडे, ज्याची घडी अजून कोणी मोडलेली नाही ते. आमच्या घरी रीत अशी, की नव्या लुगड्याची घडी आपण मोडायची नाही. जिच्यावर जीव आहे अशा बाईला ते आधी नेसायला द्यायचे, तिने एक दिवस मिरवून परत करायचे आणि मग आपण नेसायचे. घडी मोडायला बोलावणे आले की बाया तीन कोसांवरून चालत येत.

घड्याळाचे वेड मला लागले ते नव्या साहेबांमुळे. जुने साहेब खिशातून साखळीचे घड्याळ काढत, डोळ्यांजवळ नेत, हलवत, कानाला लावत आणि मग शिपायाला विचारत, "कितने बजे?" नवे साहेब तरुण होते. त्यांच्या डाव्या मनगटावर घड्याळ होते. कोणी गाऱ्हाणे लांबवू लागला की ते कोपर जरासे वाकवत, बाही मागे सरकवत आणि मनगटाकडे एक नजर टाकत. बस. समोरचा माणूस आपोआप आवरते घ्यायचा. माझ्या आयुष्यात माझ्यासमोर कोणीच कधी आवरते घेतले नव्हते, त्यामुळे मला त्या एका नजरेची भूलच पडली.

मी सराव सुरू केला. कागद लिहिता लिहिता कोपर वाकवायचे, बाही सरकवायची आणि उघड्या मनगटाकडे बघायचे. एक दिवस पेशकारांनी, म्हणजे आमच्या वरच्या कारकुनांनी, पाहिले.

"मुंशीजी, मच्छर बैठा क्या?"

"नहीं, यूंही."

"मारो तो सही. कब से देख रहे."

आता घड्याळ कशाला पाहिजे, हे स्वतःला पटवायचे काम उरले. खजिन्यावरचा पहारेकरी दर तासाला लोखंडी घंटेवर टोले द्यायचा आणि सगळे गाव त्यावर चालायचे. शाळा, कचेरी, बायांचे नदीवर जाणे, सगळे. त्यामुळे मला कोणालाही वेळ सांगायची गरज नव्हती आणि मला कोणी विचारणारही नव्हते. पण मी कारणे शोधली. पहारेकरी बिडी ओढायला गेला की टोले उशिरा पडतात. मग सरकारी कामाचे काय? दौऱ्यावर गेलो तर तिथे घंटा कुठून आणायची? दौऱ्यावर मला आजवर कोणी नेले नव्हते, पण मनगटावर घड्याळ दिसले तर नेतीलही, असे एक कारण मी त्यातून आणखी काढले. सगळ्यात भारी कारण असे होते, की वैद्याने मला जेवणानंतर एका तासाने चूर्ण घ्यायला सांगितले होते. ते चूर्ण मी दोन महिन्यांपासून घेत नव्हतो. घड्याळाचा विचार मनात आल्यापासून मात्र नेमाने घेऊ लागलो.

अशात मला सुभ्याच्या कचेरीत कागद पोचवायला औरंगाबादेस जायचा हुकूम झाला. त्याच सुमारास बायकोच्या धाकट्या भावाचे लग्न ठरले होते. तिचे माहेर पाली, गावापासून अगदी जवळ. नवरदेवाची सख्खी बहीण म्हणून मांडवात शकुनाचा दिवा घेऊन तीच नवरदेवाच्या मागे उभी राहणार होती. तिच्याजवळ धड असे एकच लुगडे होते, आमच्या लग्नातले, आणि त्याचा पदर दोन ठिकाणी शिवलेला होता.

मी विषय काढला तेव्हा ती भाकरी थापत होती.

"औरंगाबादेला चाललो हाय. येताना एक घडी आनावी म्हनतो."

तिचा हात थांबला. "घडी?"

"हां. लग्नात चारचौघांत उठून दिसंल."

"खरंच आनता?"

"आनतो म्हनजे काय, ठरवलंय."

तिने तव्यावरची भाकरी उलटायची सोडून माझ्याकडे पाहिले. इतकी खूष मी तिला फार थोड्या वेळा पाहिली आहे. मला वाटले, नवऱ्याची हौस बघून हिला आनंद झाला. वेळोवेळी मी स्वतःला असा मूर्ख ठरू देतो, पण त्या दिवशी तो मूर्खपणा फक्त एका क्षणापुरता टिकला, कारण तिने लगेच विचारले, "कोन्या रंगाची?"

आणि मला कळले.

मला ते अगदी स्वच्छ कळले. पुढे काय झाले त्याला गैरसमज म्हणायची सोय राहू नये म्हणून हे इथेच लिहून ठेवतो. मी तेव्हाच म्हणायला हवे होते, की अगं, मी घड्याळाचं बोलतोय. त्याऐवजी मी म्हणालो, "सोनेरी."

"आन् काठ?"

मी साहेबांच्या मनगटावरच्या घड्याळाची कड डोळ्यांसमोर आणली. "काठ बी सोनेरीच."

"अगं बया! धुतल्यावर रंग जायाचा न्हाई न्हवं?"

"धुवायची न्हाई तिला. पानी लागू द्यायचं न्हाई अजाबात."

"मंग रेशमीच हाय," ती स्वतःशीच म्हणाली.

भाकरी करपली.

जेवण झाल्यावर तिने उतरंडीतले एक मडके खाली काढले. तिची एक म्हैस होती, माहेरून आलेली. तिच्या तुपाचे पैसे ती त्या मडक्यात ठेवायची. ते सगळे तिने माझ्या उपरण्याच्या टोकाला बांधले. "हे घाला त्यात. हलकी नका आनू. सारखं सारखं थोडंच होतंय?"

मी नको म्हणालो. एकदाच म्हणालो, आणि तेही हळू.

मोटारीत धक्के खात, गोदावरी नावेतून ओलांडत मी औरंगाबादेस पोचलो तोवर माझा बेत तयार होता. आधी स्वस्तातले घड्याळ घ्यायचे आणि उरलेल्या पैशांत लुगडे. म्हणजे मी खरा, ती खूष. कागद पोचते केले आणि सरळ घड्याळवाल्याकडे गेलो. दुकान एवढेसे, आत म्हातारा, डोक्याला रूमी टोपी, एका डोळ्याला भिंग लावलेले. शेजारीच लुगड्यांचे दुकान होते. हे मला शुभशकुनासारखे वाटले.

म्हाताऱ्याने माझ्यापुढे तीन घड्याळे ठेवली. एक खिशातले, साखळीचे, जाडजूड. दुसरे मनगटी, निकेलचे, साधे. तिसरे त्याने जरा लांब ठेवले, आणि त्यावर रुमाल टाकला.

"वो क्या है?" मी विचारले.

"वो आपके लिए नहीं, साब."

अशा बोलण्याला मी इतक्या सहज बळी पडेन असे मला वाटले नव्हते. मी रुमाल उचलायला लावला. सोन्याचा मुलामा, पांढरी तबकडी, काटे अंधारात चमकणारे. विलायतेहून आलेले. त्याने ते माझ्या मनगटावर बांधले आणि म्हणाला, "पहन के देखो. लेव नक्को."

मी कोपर वाकवले. बाही सरकवली.

"इसमें और उस जेबी घडी में फरक क्या है?" मी कसाबसा विचारले.

"टाइम देखना है तो जेबी लेव," म्हातारा म्हणाला, "दिखाना है तो ये."

तरीही मी थोडा वेळ भांडलो. म्हाताऱ्याशी नाही, स्वतःशी. हलक्या वस्तू लवकर मोडतात आणि शेवटी महाग पडतात, असे मी स्वतःला सांगितले. हलकी नका आनू, असे घरातूनच सांगणे आहे, असेही सांगितले. हे वाक्य मी त्या दुकानात उभा राहून खरोखर माझ्या कामाला लावले. निकेलचे घड्याळ माझ्या एकट्याच्या पैशांत आले असते. ते सोनेरी घड्याळ आले ते तिच्या तुपामुळे.

उरलेल्या पैशांत शेजारच्या दुकानात लुगडे येईना. चोळीचा एक खण तेवढा आला. खण चांगला होता, हे मी परतीच्या मोटारीत स्वतःला वाटभर सांगत होतो.

घरी पोचलो तो शुक्रवार होता, सुटीचा दिवस. दारात बैलगाडी सुटलेली दिसली. ती गाडी नांदूरघाटची होती. माझी थोरली बहीण, आक्का, तिथे दिलेली. आत ओसरीवर आक्का न्हाऊन, केस विंचरून, पाटावर बसली होती. गल्लीतल्या पाच-सहा बाया बसल्या होत्या. मध्ये ताटात हळदीकुंकू, सुपारी, अक्षता. बायकोने तिला निरोप धाडून घडी मोडायला बोलावून घेतले होते.

"आला गं बाई!" आक्का म्हणाली. "दाव. सकाळपासून चहा बी घेतला न्हाई मी, नवी घडी नेसूनच घेऊ म्हनलं."

मी आधी खण काढला. आक्काने तो उलटासुलटा केला.

"खन झाला. घडी कुठं हाय?"

मी डावा हात पुढे केला. बाही सरकवायची गरज नव्हती, मी ती वाटेतच कोपरापर्यंत सरकवून ठेवली होती.

"ही काय," मी म्हणालो.

आक्काने माझे मनगट धरून जवळ ओढले, घड्याळ पाहिले, मग माझ्या तोंडाकडे पाहिले.

"हे काय हाय?"

"घडी. कचेरीत ह्यालाच घडी म्हनत्यात."

"आन् मी काय मोडू रे, बाबा?"

"आक्का, आईक तर."

"न्हाई, मला सांग. एवढ्या लांबून घडी मोडायला आलेय मी, गाडीत हाडं खिळखिळी करून. वैनी, वरवंटा आन गं. मोडूनच जाते!"

बाया फिसकन हसल्या. मी हात पाठीमागे लपवला. आक्का खरोखर उठली होती आणि माझ्या बहिणीचा स्वभाव मला ठाऊक आहे. ती वरवंटा घेऊन माझ्या अंगावर आलीच असती. तेवढ्यात बायको हसली. मोठ्याने, पदर तोंडाला न लावता.

"आवो आक्का, चूक माझीच हाय. ह्यांनी घडी म्हनलं, मला वाटलं लुगडं. मी अडानी मानूस, मला काय कळतंय कचेरीतलं!"

मग तिने कुंकवाचा करंडा उचलला, माझा हात पाठीमागून पुढे ओढला आणि घड्याळाच्या काचेला हळदकुंकू लावले. "आता ह्याच घडीला मान," ती म्हणाली. सगळ्या हसल्या. आक्काही नाइलाजाने हसली. तिला चहा मिळाला.

आणि मीही हसलो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते, पण बायांसमोर मला जरा जोर आला. मी म्हणालो, "हिला काय कळनार, उर्दू हाय ते!"

पालीचे लग्न झाले. मांडवात बायको शिवलेल्या पदराचे लुगडे आणि नवी चोळी घालून दिवा धरून उभी राहिली. शिवण झाकावी म्हणून तिने पदर अशा रीतीने मुठीत धरला होता, की तो हात तिला दुसऱ्या कशालाच वापरता येईना. जी बाई भेटेल ती विचारी, "औरंगाबादची घडी कुठाय गं?" आणि ती दुसऱ्या हातातल्या दिव्यानेच माझ्याकडे दाखवी.

पुरुषांत माझी वेगळीच गंमत चालली होती. सासऱ्यांनी माझ्या मनगटाकडे पाहून विचारले, "जावईबापू, एकाच हातात कावून? दुसऱ्यात बी भरा की, जोडा हुईल. कासार हाय बाहेर." त्यावर मी काटे अंधारात चमकतात असे सांगून बसलो. भर दुपारी अंधार कुठून आणणार? मग कोणीतरी घोंगडी आणली. मी घोंगडीखाली हात घालून बसलो आणि निम्मे वऱ्हाड एकेक करून डोके आत घालून गेले. आतून आवाज यायचे, "लई भारी हाय बे!" आणि "मला तं काईच दिसंना, दाजी, तुमचं नाक दिसाया लागलंय."

सकाळच्या गडबडीत मी घड्याळाला चावी द्यायला विसरलो होतो. मुहूर्ताच्या वेळी जोशीबुवा आपल्या घटिकापात्राशी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या त्या भोकाच्या वाटीशी, बसले होते. मी सवयीने कोपर वाकवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, "घाई करू नका. अजून लई येळ हाय." माझे वाक्य पुरे होते न होते तोच वाटी बुडाली आणि जोशीबुवा ओरडले, "सावधान!" माझे घड्याळ सकाळच्या न्याहारीपाशी थांबले होते. लोकांनी अक्षता नवरानवरीवर टाकायच्या त्या निम्म्या माझ्यावर टाकल्या.

त्या दिवशी सगळे मलाच हसले, म्हणून माझे फिटले असे मला वाटत होते. पुढच्या दिवाळीला मी तिला लुगडे घेतले. त्याची घडी आक्काने मोडली आणि मोडताना चार गोष्टी ऐकवल्याच. घड्याळ काही वर्षांनी पुरात भिजून गेले. पाणी लागू द्यायचे नाही, हे मी घरात एवढे सांगितले होते आणि शेवटी नदी ओलांडताना मीच ते काढायला विसरलो. घड्याळ गेले, लुगडे आले, म्हणजे गोष्ट मिटायला हवी होती.

पण गोष्ट उरली. बायको ती सांगू लागली. तिला गोष्ट फार चांगली सांगता येते. भाकरी थापताना थांबलेला हात, आक्काचा वरवंटा, घोंगडीतले वऱ्हाड, सगळे ती करून दाखवते. आणि प्रत्येक वेळी सांगते, "मी इचारलं, रंग कोन्ता? हे म्हनले, सोनेरी. मी इचारलं, काठ? तर काठ बी सोनेरी! आन् मी येडी, म्हनलं रेशमीच असंल." इथे लोक पोट धरून हसतात. मी इथे दर वेळी श्वास धरतो. कोणीतरी विचारेल, की अहो, तिने रंग आणि काठ विचारल्यावर तुम्हाला कसं कळलं नाही? इतक्या वर्षांत कोणी विचारले नाही. कचेरीतला माणूस शहाणा आणि चुलीपाशी बसणारी बाई भोळी, हे ऐकणाऱ्याला आधीपासून मान्यच असते. मी सुपारी कातरत बसतो आणि हसतो.

यंदा आमच्या मुलीचे लग्न ठरले. मुलाकडची मंडळी सुपारी फोडायला कडा गावाहून आली होती. कार्य झाले, जेवणे झाली, पाने फिरली आणि आक्काने सुचवले म्हणून बायकोने गोष्ट सुरू केली. रंगात येऊन सांगितली. विहीणबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग डोळे पुसत आमच्या मुलीकडे वळून म्हणाल्या, "पोरी, आईसारखी भोळी नगं गं राहूस. आमच्याकडं सगळे शिकलेले हायत. असं काय केलंस तं लोक आमाला हसतील."

वाईट बोलायचे म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. पण बायकोचे हसणे थांबले. ती मुलीकडे पाहत होती आणि मुलगी खाली मान घालून बोटाला पदर गुंडाळत होती. मी अडकित्ता खाली ठेवला.

"विहीनबाई," मी म्हणालो, "ती भोळी न्हाई."

"आवो, मी गमतीनं..."

"तुमचं न्हाई काही. माझं आईका." आक्का माझ्याकडे डोळे मोठे करून पाहू लागली. "तिनं रंग इचारला तवाच मला कळलंतं, ही लुगड्याचं बोलती हाय. मी सोनेरी म्हनालो ते जानून. काठाचं बी जानून. पानी लावायचं न्हाई म्हनालो, ते बी. तिच्या तुपाचे पैसे घेतले तवा मला सगळं ठावं हुतं. ती बरोबरच समजली हुती. लबाडी माझी हुती."

व्याही पानाची पिचकारी टाकायची थांबून तोंड भरून बसले होते. मी बायकोकडे वळलो. सगळ्यांसमोर तिच्याशी असे काही बोलायची मला सवय नव्हती आणि कुठे बघावे तेही कळेना, म्हणून मी हात जोडले.

"चुकलं माझं," मी तिला म्हणालो. "लुगडं न्हाई आनलं, ते चुकलंच. पर इतकी सालं तू सवताला येडी म्हनत आलीस आन् मी खरं ठावं असून तुझ्या बाजूला बसून हसत आलो, ते लई चुकलं. मला माफ कर."